सौम्य आम्लं चेहऱ्याला लावायची कशी? नवख्यांसाठी पहिले आठ आठवडे

मी पहिल्यांदा लॅक्टिक ॲसिडची बाटली घरी आणली तेव्हा आईने लेबलावरचा 'ॲसिड' एवढाच शब्द वाचला आणि ती उचलून थेट संडास धुण्याच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवली. मी शोधत बसले. मग तिला समजावलं, की हे दह्यातलंच आम्ल आहे, तोंडाला लावायचं. तिचं उत्तर तयार होतं: "मग दहीच लाव की! चाळीस रुपयांत घरादाराचं होईल."

प्रश्न चोख होता, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं साधारण १ टक्का आणि त्याचा सामू साडेचारच्या आसपास. सामू म्हणजे पीएच, माती परीक्षणाच्या अहवालात असतो तोच. आकडा जितका लहान तितका पदार्थ जास्त आंबट. साडेचार सामूला लॅक्टिक आम्लाचा चार पंचमांश भाग क्षाराच्या रूपात बांधलेला असतो. हा भाग त्वचेत ओलावा धरून ठेवतो, पण मृत पेशी सोडवण्याचं काम मोकळं आम्ल करतं. म्हणजे दह्यात कामाचं आम्ल उरलं ०.२ टक्के. ५ टक्क्यांच्या सीरमचा सामू ३.८च्या जवळपास ठेवला तर त्यातलं निम्मं, म्हणजे अडीच टक्के, मोकळं असतं. दह्याच्या दहापटीहून जास्त. दही लावल्याने चेहरा गार वाटतो, थोडा मऊ होतो, तेवढंच. आईला हे पटलं. बाटली मात्र अजूनही कपाटात वेगळ्या खणात असते.

लिंबाचं उलट आहे. त्याचा सामू दोन ते अडीच, म्हणजे भलताच आंबट, आणि त्यात असे काही घटक असतात की रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊन मागे महिनोन् महिने काळे पट्टे राहतात. लिंबू आमटीत पिळा.

हे आम्ल करतं काय

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो, साधारण पंधरा-वीस पदर. या पेशी एकमेकींना बारीक प्रथिनांच्या बटणांनी जोडलेल्या असतात. तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत सरकत गळून पडायला तरुणपणी चारेक आठवडे लागतात. वय वाढतं तसा हा काळ लांबतो. गळायच्या पेशी वेळेवर गळल्या नाहीत की चेहरा मळकट, खरखरीत दिसतो, छिद्रं बुजतात. आम्ल ही बटणं सैल करतं. घासणं नाही, ओरबाडणं नाही. ज्या पेशी तशाही निघायच्या होत्या त्या जरा लवकर सुटतात. अक्रोडाच्या कवचाचा स्क्रब हेच काम आडदांडपणे करतो. त्याला गळायची पेशी आणि राहायची पेशी यातला फरक कळत नाही.

हा शोध सौंदर्यासाठी लागलेला नाही. अंगावर माशाच्या खवल्यांसारखे पोपडे धरतात असा एक जन्मजात आजार आहे, इक्थिऑसिस. यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी अमेरिकेत त्या रुग्णांवर फळांतल्या-दुधातल्या आम्लांचा वापर करून पाहिला आणि १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. खवले सुटतात हे दिसलं. क्रीम-सीरमचा बाजार त्यानंतरचा.

आपल्या रंगाच्या त्वचेचा मुद्दा

चुलत बहिणीच्या लग्नाच्या दहा दिवस आधी मी शहाणपणा केला होता. १० टक्के ग्लायकॉलिक आम्ल, सलग दोन रात्री, तेही संध्याकाळी स्क्रब करून. तिसऱ्या दिवशी नाकाच्या कडा आणि गालांची हाडं लाल, चकचकीत, साधं पाणी लागलं तरी चुरचुरणारी. ती आग आठवड्यात गेली. गालावर तिच्या जागी उमटलेला तपकिरी डाग जायला चार महिने लागले. लग्नाच्या अल्बममध्ये तो आहे.

भारतीय त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, तयार करणाऱ्या पेशी फार तत्पर असतात. पुटकुळी, चटका, खरचटणं, कशाचीही जळजळ झाली की त्या जागी रंग साचतो. गोऱ्या कातडीवर आम्ल जास्त झालं तर ती लाल होते आणि निवळते. आपल्याकडे लाली निवळली तरी डाग मुक्कामाला राहतो. ज्या डागासाठी बाटली आणली, तोच बाटलीने वाढतो. परदेशी व्हिडिओंतलं 'थोडं टोचलं म्हणजे काम करतंय' हे म्हणूनच आपल्या कामाचं नाही. आपल्यासाठी हिशोब असा: आम्ल कमी, आठवडे जास्त.

आधी बघा, तुम्ही यात बसता का

चेहऱ्यावर इसब, सोरायसिस, उघडी जखम, ऊन लागून सोललेली कातडी किंवा ओठाशी तापाचे फोड असतील तर आत्ता नको. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक आम्ल कधीच नको. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्या संपल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावू नका. गरोदरपणात कमी टक्केवारीचं लॅक्टिक, ग्लायकॉलिक सहसा चालतं असं डॉक्टर सांगतात, तरी आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालून मगच.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल आपल्याकडे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. 'गोरं करणारी' म्हणून मेडिकलमधून आणलेली एखादी ट्यूब तुम्ही महिनोन् महिने लावत आहात का? अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. काहींत स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तिघांची मोट बांधलेली असते. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावं ट्यूबवर शोधा. नायट्यावरच्या बऱ्याच क्रीममध्येही ती सापडतील. २०१८ मध्ये सरकारने अशा अनेक स्टेरॉइड क्रीमना चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई केली, तरी ओळखीच्या दुकानात ती सहज हातात पडतात. स्टेरॉइडने कातडी पातळ होते. ती सोडली की चेहरा लाल होतो, पुटकुळ्या उठतात, आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब हातात घेतो. अशा चेहऱ्यावर आम्ल म्हणजे भाजलेल्यावर मीठ. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ट्यूब सोबत न्या, लाजू नका.

गालावर दोन्ही बाजूंना सारखे तपकिरी पट्टे असतील तर ते वांग असण्याची शक्यता. ऊन, संप्रेरकं आणि उष्णता यांचा तो खेळ आहे. तोही घरच्या बाटलीने सुटत नाही.

पहिली पायरी: तीन आठवडे आम्लाशिवाय

हे वाचून बरेच जण पुढच्या मथळ्यावर उडी मारतील, मीही मारली असती. पण साबणाने कोरड्या पडलेल्या चेहऱ्यावर आम्ल लावलं की जे चुरचुरतं, त्यात दोष साबणाचा असतो आणि बोल आम्लाला लागतो.

तीन वस्तू लागतात. एक, फेस न येणारा किंवा कमी फेसाचा सौम्य फेसवॉश. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटला तर तो बदला. 'कचकचीत स्वच्छ' वाटणं ही चांगली खूण नाही. दोन, साधं मॉइश्चरायझर. ग्लिसरीन, सेरामाइड असलेलं, सुगंध नसलेलं. मुंबई-कोकणच्या दमटपणात जेलसारखं हलकं, पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जरा घट्ट. परदेशात हीटर लावून राहणाऱ्यांनी आणखी घट्ट. तीन, सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा ५०, शेजारी पीएपुढे तीन-चार अधिकची चिन्हं असलेलं.

या तिघांवर तीन आठवडे काढा. काहींना इतक्यातच कळतं, की आम्लाची गरजच नव्हती. माझ्या भावाचं तसंच झालं, त्याची बाटली मी वापरली.

दुसरी पायरी: कोणतं आम्ल

दुकानात नावांची जत्रा आहे. नवख्याला खरं तर चारच पर्याय पुरतात.

लॅक्टिक, ५ टक्के. माझी पहिली शिफारस. त्वचेत नैसर्गिकरीत्या ओलावा धरून ठेवणारं जे मिश्रण असतं, त्यात लॅक्टेट, म्हणजे याच आम्लाचं क्षाररूप, मुळातच आहे. त्यामुळे हे आम्ल सोलतं कमी आणि मऊ जास्त करतं. कोरड्या आणि साधारण त्वचेला उत्तम.

मँडेलिक, ५ ते १० टक्के. हे कडू बदामातून पहिल्यांदा मिळालं. जर्मन भाषेत बदामाला 'मांडेल' म्हणतात, त्यावरून नाव. याचा रेणू ग्लायकॉलिकच्या दुप्पट वजनाचा, ७६च्या जागी १५२, म्हणून तो आत हळूहळू शिरतो आणि आग कमी करतो. मुरुम आणि त्यांचे डाग दोन्ही असलेल्या सावळ्या त्वचेसाठी आपल्याकडचे बरेच डॉक्टर याकडे वळतात.

ग्लुकोनोलॅक्टोन आणि लॅक्टोबायोनिक. ही पीएचए नावाच्या गटातली, रेणू आणखी मोठे. सगळ्यांत शांत. कशानेही लाल होणाऱ्या चेहऱ्याने इथून सुरुवात करावी. परिणाम दिसायलाही सगळ्यांत जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगते.

सॅलिसिलिक, ०.५ ते २ टक्के. वरची सगळी पाण्यात विरघळणारी, हे तेलात. म्हणून छिद्रात साठलेल्या तेलात ते शिरू शकतं. नाकावर काळे ठिपके, कपाळ तेलकट, दुचाकीवरून उतरल्यावर टिपकागद काळा, अशांसाठी. कोरड्या त्वचेला हे आणखी कोरडं करतं. तेलकट त्वचेच्या मुलांनी सॅलिसिलिकचा फेसवॉश घेऊन सुरुवात केली तरी चालेल. मिनिटभर ठेवून धुवायचं, चुकायला वाव कमी.

ग्लायकॉलिक मुद्दाम यादीत नाही. ते वाईट नाही, पण रेणू सगळ्यांत लहान, आत झपाट्याने जातं आणि पहिल्या बाटलीसाठी फार उतावळं आहे. आणि ३० टक्के आम्लाचे ते रक्तासारखे लाल 'पील', व्हिडिओत दिसायला देखणे, त्यांच्या वाटेला निदान पहिलं वर्षभर जाऊ नका. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापराच्या उत्पादनांत ग्लायकॉलिक-लॅक्टिक गटासाठी घातलेली मर्यादा १० टक्के आणि सामू ३.५ किंवा त्याहून जास्त अशी आहे. त्यापलीकडचं काम दवाखान्यातलं.

बाटली घेताना लेबल वाचा. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. आम्लाचं नाव शेवटून दुसरं असेल तर ते पुढच्या चित्रापुरतंच घातलेलं आहे. टक्केवारी लिहिलेली असावी, सामू लिहिलेला असेल तर सोन्याहून पिवळं. वर आणखी 'फ्रेग्रन्स', 'परफ्यूम', लिंबू-संत्र्याचं तेल असेल तर परत ठेवा. बाहेरून आयात झालेल्या बाटलीवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. तो नसेल तर आत काय आहे ते देव जाणे.

३० मिलीपेक्षा मोठी घेऊ नका. हिशोब करा: एका वेळी चार थेंब म्हणजे सुमारे ०.२ मिली, आठवड्यातून तीनदा लावलं तरी ०.६ मिली. वर्षभर पुरते. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात '१२एम' असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवा.

तिसरी पायरी: चाचणी

कानामागे किंवा जबड्याच्या खाली, आठ आण्याच्या नाण्याएवढ्या जागेवर, रात्री एक थेंब. धुवायचं नाही. दोन दिवस बघा. मग त्याच जागी आणखी दोन रात्री, एकाआड एक. ॲलर्जी पहिल्या फटक्याला दिसतेच असं नाही, म्हणून हा आठवडा. क्षणभर मुंग्या आल्यासारखं झालं तर ठीक. मिनिटभरानंतरही आग, खाज, सूज किंवा बारीक पुरळ असेल तर ती बाटली तुमची नव्हे.

चौथी पायरी: पहिली रात्र

घरी निवांत असाल अशी रात्र निवडा. दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे असतील, भर उन्हात शेतावर जायचं असेल, तर पुढे ढकला.

चेहरा धुवा, टिपा, आणि पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या. ओल्या कातडीत आम्ल जास्त शिरतं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांभोवती व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. कातडी तिथे नाजूक असते, पहिली आग तिथेच लागते. तीन-चार थेंब तळहातावर घेऊन बोटांनी कपाळ, गाल, हनुवटीवर टेकवा. चोळायचं नाही. कापसाने लावू नका, निम्मं कापूस पितो आणि घासणी होते ती वेगळी.

पहिल्या दोन वेळी मी सांगते ती युक्ती करा: दहा मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. मग मॉइश्चरायझर. चेहऱ्याने तेवढं मुकाट्याने सोसलं की तिसऱ्या वेळेपासून रात्रभर ठेवा, वरून लगेच मॉइश्चरायझर. अर्धा तास घड्याळ लावून बसायची गरज नाही, सुकलं की झालं. त्वचा फारच हळवी असेल तर आधी मॉइश्चरायझरचा थर, मग आम्ल, मग पुन्हा मॉइश्चरायझर. परिणाम थोडा कमी होतो, चालतं.

त्या रात्री हात धुऊन झोपा. झोपेत डोळे चोळले जातात.

पाचवी पायरी: आठवड्यांचं गणित

पहिले दोन आठवडे: आठवड्यातून एक रात्र. रविवार धरा, लक्षात राहतो.

तिसरा-चौथा आठवडा: दोन रात्री, मध्ये निदान दोन दिवसांचं अंतर.

पाचव्यापासून आठव्यापर्यंत: सगळं सुरळीत असेल तर तीन. बहुतेकांना दोनच पुरतात, आणि दोनवर राहिलात तर काही बिघडत नाही. पीएचए वाले एकाआड एक रात्रीपर्यंत जाऊ शकतात.

टक्केवारी आणि रात्री एकाच वेळी वाढवू नका. ५ टक्क्यांची बाटली संपेपर्यंत १० टक्क्यांचा विचारही नको.

दिसणार काय? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हात फिरवल्यावर मऊपणा जाणवतो. मळकटपणा महिन्या-दीड महिन्यात. मुरुमांच्या डागांना दोन ते तीन महिने, कधी जास्त. खड्डे भरत नाहीत. ते कातडीच्या खालच्या थरातले असतात, तिथे या आम्लाचा हात पोचत नाही. रंगही उजळत नाही, म्हणजे तुमचा जन्माचा रंग आहे तोच राहतो. जो विक्रेता याउलट सांगेल त्याच्याकडून काहीच घेऊ नका. सुरुवातीलाच खिडकीशी, एकाच जागी, एकाच वेळी फोटो काढून ठेवा. आरशात रोज बघून काही कळत नाही.

सकाळ

आम्लाचं अर्धं काम सनस्क्रीनकडे असतं. १० टक्के ग्लायकॉलिक चार आठवडे लावल्यावर उन्हाने लाल होण्याची प्रवृत्ती १८ टक्क्यांनी वाढली, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदवलं आहे. लावणं थांबवल्यावर आठवडाभरात ती पूर्ववत झाली. म्हणजे आम्ल रविवारी लावलं तरी सनस्क्रीन सोमवारपुरतं नाही, आठवड्याचे सातही दिवस.

प्रमाण: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत रेघ ओढा. एवढं चेहरा आणि मानेला लागतं. आपण सहसा याच्या पाव हिश्शात भागवतो आणि मग एसपीएफ ५० लावूनही काळवंडलो म्हणतो. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. घरातही खिडकीशी बसून काम असेल तर लावा. काच उन्हातला एक भाग अडवते, डाग वाढवणारा यूव्हीए बराचसा आत सोडते. वांगाची धास्ती असलेल्यांनी रंगीत सनस्क्रीन घ्यावं, त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा प्रकाशही काही प्रमाणात अडवतं.

पुण्यातल्या दुचाकीवाल्या मुलींचा तोंडभर बांधलेला स्कार्फ खरंच उपयोगी आहे, घट्ट विणीचा असेल तर. फक्त तो धुवा. आठवडाभर न धुतलेला स्कार्फ आणि हेल्मेटचं अस्तर यांनी गालावर आणलेल्या पुटकुळ्यांसाठी मी लोकांना आम्लं बदलताना पाहिलं आहे.

कशासोबत नको

आम्लाच्या रात्री रेटिनॉल, ट्रेटिनॉइन किंवा ॲडापेलीन नको. त्यांच्या रात्री वेगळ्या ठेवा, आणि दोन्ही एकाच महिन्यात सुरू करू नका. बेन्झॉइल पेरॉक्साइडही त्याच रात्री नको. दोन आम्लं एकमेकांवर नकोत. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक, टोनरमध्ये ग्लायकॉलिक, सीरममध्ये लॅक्टिक अशी साखळी नकळत तयार होते. घरातल्या सगळ्या बाटल्या एकदा ओळीने मांडून वाचा. व्हिटॅमिन सी सकाळी, आम्ल रात्री, एवढं पाळलं की भांडण नाही. नायसिनामाइड बिनधास्त चालतं.

स्क्रब बंद. बेसन-मसुराचं पीठही स्क्रबच.

पार्लरचं वेळापत्रक आम्लाच्या वेळापत्रकाशी जुळवा. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, क्लीनअप यांच्या आधी पाच-सात दिवस आणि नंतर तितकेच दिवस सुट्टी. अप्परलिपला आम्ल लावलं असताना मेण ओढलं तर कातडीही सोबत येते. पार्लरवालीला आपणहून सांगा, ती विचारेलच असं नाही. पुरुषांनी दाढी आणि आम्ल यांत एका रात्रीचं अंतर ठेवावं.

सणांचंही तसंच. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लागतं, तेही करकरीत. आदल्या तीन-चार रात्री आम्ल नको आणि चेहऱ्याला उटणं हलक्या हाताने. रंगपंचमीआधी पाच दिवस बंद, कारण सैल झालेल्या कातडीत रंग जास्त बसतो आणि तो काढायला घासाघीस होते. हळद लागणार असेल तर आठवडा आधी थांबा. लग्नाच्या तोंडावर नवीन बाटली उघडण्याबद्दल माझं मत अल्बममध्ये आहे.

बिघडलं तर

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. आम्ल सुरू केल्यावर, जिथे एरवीही पुटकुळ्या येतात तिथेच त्या जरा जास्त आल्या आणि लवकर बसल्या, तर आत दडलेलं वर येतंय. चार-सहा आठवड्यांत ओसरतं. पण एरवी स्वच्छ असणाऱ्या जागी पुरळ, खाज, चकचकीत ताणलेली कातडी, साध्या मॉइश्चरायझरनेही चुरचुर, ही इजा आहे. इथे 'सोसून बघू' नाही.

सगळं थांबवा. आम्ल, व्हिटॅमिन सी, फेसवॉशसुद्धा. सकाळी नुसतं पाणी. मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा, रात्री वरून व्हॅसलीनचा पातळ थर, आणि सनस्क्रीन चालू. दोन ते चार आठवड्यांत कातडी सावरते. त्यानंतर सुरुवात पुन्हा पहिल्या आठवड्यापासून, अर्ध्या उत्साहाने.

लावल्या लावल्या जोरात आग झाली तर गार नळाच्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं. खाण्याचा सोडा लावून आम्ल 'मारायला' जाऊ नका. तो आम्लाच्या उलट टोकाचा, भाजलेल्या कातडीला दुसरा धक्का. टूथपेस्ट, हळद, थेट बर्फ, काहीही नको. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून पंधरा मिनिटं पाणी आणि मग डॉक्टर. फोड आले, पांढरे चट्टे उठले, सूज आली, तरीही डॉक्टर.

हात, टाचा आणि मान

चेहऱ्यापेक्षा अंगावरची कातडी जाड, तिथे जरा मोकळीक आहे. दंडावर सोललेल्या कोंबडीसारखे बारीक खरखरीत दाणे असतात ना, त्यावर लॅक्टिकचं किंवा १० टक्के युरियाचं लोशन अंघोळीनंतर लावा. तीन-चार आठवड्यांत फरक पडतो. थांबवलं की दाणे परत येतात, ती प्रकृतीच आहे. भेगाळलेल्या टाचांना मेडिकलमध्ये मिळणारं ६ टक्के सॅलिसिलिकचं मलम रात्री, वर मोजे. भेगेतून रक्त येत असेल तर नाही, आणि मधुमेह असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पायाला कोणतंही आम्ल नाही.

काखेत लावायचं तर आठवड्यातून एकदा, काखेचे केस काढलेल्या दिवशी सोडून. तिथला काळेपणा बहुतेक वेळा घट्ट कपडे, घर्षण आणि डिओडरंटचा असतो, तो आधी बदला.

मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असेल, तर मात्र बाटली बाजूला ठेवा. आपल्याकडे आया मुलींची मान घासून घासून लाल करतात, 'मळ बसलाय' म्हणत. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती अनेकदा खूण असते, वजन वाढलेलं असताना किंवा पीसीओएसमध्ये (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) विशेष दिसते. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासून घ्या.